भाज्यांचं ऑम्लेट: पाणी न सुटणारं, उलटताना न तुटणारं

नुसतं कांदा-मिरचीचं ऑम्लेट सहसा कुणाचं बिघडत नाही. त्यात टोमॅटो, सिमला मिरची, गाजर, मशरूम घालायला गेलं की तक्रारी सुरू होतात. ताटलीत पाणी उतरतं, उलटताना मधोमध फाटतं, खालून करपतं आणि वरून चिकट राहतं. दोष तव्याला किंवा अंड्यांना दिला जातो, पण बहुतेक वेळा कारण भाज्यांमधलं पाणी असतं. टोमॅटोत साधारण ९५ टक्के पाणी असतं, सिमला मिरची आणि मशरूममध्ये ९२ टक्क्यांच्या आसपास, कांद्यातही ८९ टक्के. ऑम्लेट तव्यावर असतं जेमतेम चार मिनिटं. तेवढ्या वेळात हे पाणी उडून जात नाही, ते अंड्यातच अडकतं आणि आळलेला थर सैल करतं. म्हणून या ऑम्लेटचं अर्ध्याहून जास्त काम तवा तापायच्या आधीच होतं.

प्रमाण

एका माणसाला दोन अंडी धरा. किराणा दुकानात मिळणारं अंडं कवचासकट ५० ते ५५ ग्रॅमचं असतं, म्हणजे फोडल्यावर दोन अंड्यांचे ९० ते ९५ ग्रॅम हातात येतात. त्याला चिरलेली भाजी ५० ते ६० ग्रॅम पुरे. आमटीच्या वाटीने मोजायचं तर न दाबता अर्धी वाटी, थोडी शिगोशीग. याहून जास्त भाजी घातली की दोन तुकड्यांच्या मध्ये अंडंच उरत नाही आणि ऑम्लेटचे तुकडे पडतात. ‘पौष्टिक’ करण्याच्या उत्साहात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. भाजी जास्तच खायची असेल तर कोशिंबीर बाजूला घ्यावी.

दोन अंड्यांसाठी: एक लहान कांदा (सोलून ३० ग्रॅम), अर्धा टोमॅटो गर काढून, सिमला मिरचीचे दोन चमचे बारीक तुकडे, एक-दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, चहाच्या चमच्याने सपाट पाव चमचा मीठ, चिमूटभर हळद, थोडी मिरपूड आणि दोन चमचे तेल (भाजी परतणार असाल तर तीन). चमचा म्हणजे इथे सगळीकडे चहाचाच.

दुधाबद्दल थोडं. एक चमचा दूध चालतं, ऑम्लेट किंचित मऊ होतं. चार-पाच चमचे घातले तर तो आणखी पाण्याचाच भाग झाला. फुगावं म्हणून खाण्याचा सोडा घालतात, तो घालूच नये. साबणासारखी चव येते आणि रंग हिरवट-करडा होतो.

भाजी घेताना

एका ऑम्लेटसाठी कोणी वाशीच्या एपीएमसीत जाणार नाही, तिथला सगळा हिशोब घाऊक खरेदीचा. ठाण्यात जांभळी नाका किंवा गावदेवी मंडई, नवी मुंबईत सेक्टरच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला, एवढ्यात काम होतं. बघायचं ते टोमॅटो आणि कांद्याकडे. टोमॅटो लांबट, कडक आणि जाड सालीचा घ्या. त्यात गर कमी आणि मांस जास्त असतं. गावठी, आंबट, वळ्या असलेला टोमॅटो साराला उत्तम, पण ऑम्लेटमध्ये तो सगळा रस सोडून देतो.

कांद्यातही फरक आहे. साठवणीचा उन्हाळी कांदा कोरडा असतो. पावसाळा संपल्यावर नाशिक-पुण्याकडून येणारा नवा लाल कांदा ओला असतो, चिरतानाच बोटं भिजतात. तो वापरत असाल तर कांदा कच्चा न घालता परतूनच घाला.

अंडं ताजं आहे का हे पाण्यात कळतं. वाडग्यात पाणी घेऊन अंडं सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण खाण्याजोगं, वर तरंगलं तर फेकून द्या. अंडी आणल्या-आणल्या धुऊन ठेवू नका. कवचाला बारीक छिद्रं असतात आणि ओल्या कवचातून घाण आत जायला वाट मिळते. धुवायचंच असेल तर फोडण्याआधी धुऊन लगेच पुसा. फ्रिजमध्ये दारातल्या खाचांपेक्षा आतल्या कप्प्यात ठेवावीत, कारण दारातलं तापमान सतत वरखाली होतं.

चिरणं

कच्चा घालायचा कांदा तीन मिलिमीटरपेक्षा मोठा नको, नाहीतर ऑम्लेट होईपर्यंत तो करकरीतच राहतो. परतून घालणार असाल तर दुप्पट मोठा चालेल. टोमॅटो उभा कापून चमच्याने बिया आणि गर काढून टाका, उरलेल्या कडक भागाचे तुकडे करा आणि ते दोन मिनिटं फडक्यावर पसरून ठेवा. गर आमटीत घाला, वाया जात नाही. सिमला मिरचीच्या आतले पांढरे पडदे काढा. गाजर चिरू नका, जाड किसणीने किसा; गाजराचा तुकडा शिजायला अंड्याच्या कितीतरी पट वेळ घेतो. कोबी अगदी बारीक, लांब चिरायचा.

कोथिंबिरीकडे कोणी लक्ष देत नाही, पण पावसाळ्यात ठाण्यात मिळणारी जुडी मुळात भिजलेली असते, त्यात घरी पुन्हा धुतली जाते. धुऊन, झटकून, कोरड्या फडक्यात गुंडाळून दाबा आणि मगच चिरा. ओली कोथिंबीर मूठभर म्हणजे एक-दोन चमचे पाणी फुकटचं.

कोणती कच्ची, कोणती परतून

कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि गर काढलेला टोमॅटो कच्चा घालता येतो. गाडीवरचं ऑम्लेट असंच असतं आणि कांद्याचा थोडा करकरीतपणा तिथे हवाच असतो. सिमला मिरची, गाजर, कोबी, मशरूम, पालक हे परतूनच. मका आणि मटार उकडून, निथळून, कोरडे करून. बटाटा उकडलेलाच, तोही लहान फोडी करून. फ्लॉवर शक्यतो नको. घालायचाच तर किसून परता.

परतायची पद्धत: पॅनमध्ये एक चमचा तेल, मध्यमपेक्षा थोडी मोठी आच. आधी कांदा एक मिनिट, मग गाजर-सिमला मिरची-कोबी एक-दीड मिनिट, टोमॅटो सगळ्यात शेवटी अर्धा मिनिट. चिमूटभर मीठ इथेच घाला, कारण मिठाने भाजीतलं पाणी बाहेर येतं आणि ते आत्ताच बाहेर यायला हवं आहे. हे मीठ ठरलेल्या पाव चमच्यातूनच घ्यायचं. पॅन तिरका करून बघा, तळाशी पाणी जमत नसेल तर झालं. मशरूमला जास्त वेळ लागतो. तेल न घालता नुसत्या तापलेल्या पॅनमध्ये टाका, ते आधी पाणी सोडतात, ते आटल्यावर तेल घाला, मग कडा तांबूस होतात. पालक आळला की थंड करून मुठीत पिळा. दोन मुठी पालकाचा एक लिंबाएवढा गोळा उरतो, तेवढाच घ्यायचा.

परतलेली भाजी ताटलीत पसरून दोन-तीन मिनिटं निवू द्या. गरम भाजी कच्च्या अंड्यात टाकली तर तिच्याभोवती अंड्याच्या गुठळ्या होतात.

फेटणं आणि मीठ कधी

अंडं वाडग्याच्या कडेवर न आपटता ओट्यावर सपाट जागी आपटा, कवचाचे कण आत जात नाहीत. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, मग वाडग्यात घाला, म्हणजे एखादं खराब निघालं तर दुसरं वाचतं. कच्च्या अंड्याला लागलेले हात साबणाने धुवा आणि मगच पावाला, कोथिंबिरीला हात लावा.

मिठाच्या बाबतीत एक पेच आहे. अंड्यात मीठ घालून दहा मिनिटं ठेवलं तर ऑम्लेट मऊ राहतं, कारण शिजताना अंड्यातली प्रथिनं कमी आवळतात आणि आतलं पाणी धरून ठेवतात. पण त्याच मिश्रणात चिरलेला कांदा-टोमॅटो असेल तर मीठ त्यातलं पाणी खेचून बाहेर काढतं, आणि दहा मिनिटांनी वाडग्यात खाली पातळ पाणी, वर अंडं अशी गत होते. म्हणून मीठ अंड्यात आधी, भाजी तव्यावर ओतायच्या क्षणी. सकाळच्या घाईत सगळं एकत्र कालवून ठेवून अंघोळीला जाणाऱ्यांचं ऑम्लेट बिघडतं ते याच कारणाने.

काट्याने ४०-५० वेळा फेटा. पांढऱ्याच्या चिकट तारा दिसेनाशा झाल्या, काटा उचलल्यावर धार सरळ पडली की थांबा. फेस येईपर्यंत फेटायची गरज नाही, मोठे बुडबुडे तव्यावर फुटून भोकं पडतात. हळद थेट टाकली तर पिवळे ठिपके राहतात. ती एक चमचा दुधात किंवा पाण्यात कालवून घाला. लाल तिखट तव्याला लागलं की काळं पडतं आणि कडवट लागतं, म्हणून हिरवी मिरची बरी.

तवा आणि आच

दोन अंड्यांना तळाचा सपाट भाग १८ ते २० सेंटीमीटरचा असलेला पॅन हवा. मिश्रण अदमासे दीडशे मिलिलिटर होतं, ते एवढ्या पॅनवर जवळपास अर्धा सेंटीमीटर जाडीचं बसतं. तेच पोळीच्या मोठ्या तव्यावर ओतलं तर थर त्याच्या निम्म्याने पातळ होतो, भाजीचे तुकडे वर डोकं काढतात आणि उलथनं घातलं की तिथेच फाटतं. खोलगट तव्यावर उलटा त्रास: मिश्रण मध्ये जमतं, कडा वाळतात आणि मधला भाग कच्चा राहतो.

नॉनस्टिक सोपा, पण रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवून दुसरं काम करू नका. साधारण २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब व्हायला लागतो आणि रिकामा पॅन तिथे काही मिनिटांतच पोचतो. उलथनं लाकडी किंवा सिलिकॉनचं घ्या. लोखंडी किंवा बिडाचा तवा असेल तर तो तेलाने मुरलेला हवा. आधी तवा तापवा, मग तेल सोडा, तेल पातळ होऊन चमकायला लागलं की अंडं ओता. थंड तव्यावर तेल आणि अंडं एकदमच घातलं तर अंडं लोखंडाला धरतं आणि सुटत नाही. टोमॅटोच्या आंबटपणाने लोखंडी तव्याचा मुरलेला थर झिजतो, म्हणून टोमॅटो परतायचा तर दुसऱ्या भांड्यात.

शेगडीचा लहान बर्नर वापरा. महानगरचा पाइप गॅस असो की सिलिंडर, मोठ्या बर्नरची ज्योत लहान पॅनच्या कडेने वर येते. कडा तपकिरी आणि मध्ये पाणीदार ऑम्लेट होण्याचं एक मोठं कारण हेच. ऐरोली-घणसोलीकडे भाड्याच्या खोल्यांत पुष्कळांकडे नुसती इंडक्शन असते. तिथे पॅनच्या तळाला चुंबक चिकटतो का बघा, नाहीतर शेगडी चालूच होणार नाही. सेटिंग ८०० ते १००० वॉटच्या आसपास ठेवा. इंडक्शनवर मधला गोल जास्त तापतो, म्हणून पॅन अधूनमधून थोडा सरकवायचा.

तव्यावरची चार मिनिटं

मध्यम आचेवर पॅन दीड ते दोन मिनिटं तापवा. ओल्या बोटांनी पाण्याचा थेंब उडवा. तो चर्रकन आवाज करून दोन सेकंदांत उडाला तर ठीक. पडल्या-पडल्या नाचत पळाला तर पॅन जास्त तापलाय, आच बंद करून अर्धा मिनिट थांबा. दीड-दोन चमचे तेल घालून सगळीकडे फिरवा. लोणी हवं असेल तर अर्धं तेल, अर्धं लोणी. नुसतं लोणी लवकर तांबूस होऊन करपतं.

आता भाजी अंड्यात मिसळा, दोनदा काटा फिरवा आणि लगेच ओता. कडेला बारीक बुडबुडे यायला हवेत, तडतड नको. दहा सेकंद हात लावू नका. मग उलथन्याने कडेचा आळलेला भाग मधे ओढा आणि पॅन तिरका करून कच्चं अंडं त्या रिकाम्या जागेत उतरू द्या. चारी बाजूंनी असं एकेकदा करा. याने कच्चं अंडं खाली जातं आणि भाजी एका जागी न साचता पसरते. मिनिटभरात वर वाहतं अंडं उरत नाही, नुसती ओलसर चमक राहते.

इथे आच मंद करा आणि झाकण ठेवा, एक ते सव्वा मिनिट. फेटलेलं अंडं ७० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आळतं. त्यापुढे तापवत राहिलात तर प्रथिनं आवळतात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि ऑम्लेट चिवट होतं. झाकणाखालच्या वाफेने वरचा भाग शिजतो, त्यामुळे खालची बाजू करपायच्या आत काम होतं. झाकण काढताना तिरकं, पॅनच्या बाहेर काढा, नाहीतर झाकणाचं सगळं पाणी ऑम्लेटवर.

वरून बोट लावलं तर चिकटू नये. पॅन हलवला तर ऑम्लेट अख्खं सरकायला हवं. सरकत नसेल तर उलटू नका, कडेने अर्धा चमचा तेल सोडून वीस सेकंद थांबा. सरकायला लागलं की घडी घाला किंवा उलटा. भाजी जास्त असेल तर हवेत उलटायचा हट्ट नको. ऑम्लेट ताटलीत सरकवा, पॅन ताटलीवर उपडा धरा, दोन्ही एकत्र पालथे करा. दुसऱ्या बाजूला ३० सेकंद पुरतात.

बिघडलं तर

ताटलीत पाणी आलं तर भाजी पुरेशी परतली गेली नाही, किंवा ऑम्लेट जास्त शिजलं. दोन्हीत फरक करता येतो. मऊ ऑम्लेट आणि पाणी असेल तर भाजीचा दोष, चिवट ऑम्लेट आणि पाणी असेल तर आचेचा. खालून करपून वरून कच्चं राहिलं तर आच मोठी होती आणि झाकण नव्हतं. घडी घालताना मधोमध तडकलं तर बहुतेक वेळा भाजी जास्त झालेली असते, नाहीतर ऑम्लेट वाळलेलं. खारट झालं तर परतताना घातलेलं मीठ हिशोबात धरलं नव्हतं. चीजही घालणार असाल तर मीठ निम्मंच घ्या. चीज किसून, झाकण ठेवायच्या आधी, फक्त अर्ध्या भागावर.

एकाच वेळी चार अंड्यांचं ऑम्लेट या पॅनमध्ये करू नका. वेळ वाचत नाही, थर एक सेंटीमीटर होतो आणि मध्ये कच्चा राहतो. दोन-दोन अंड्यांची दोन करा, पण भाजी दोन्हींची एकदमच परतून ठेवा. परतलेली भाजी डब्यात फ्रिजमध्ये दुसऱ्या सकाळपर्यंत छान राहते, म्हणजे सकाळी काम उरतं फक्त अंडं फेटून ओतण्याचं.

पाव आणि डबा

लादी पाव मधून कापून त्याच पॅनमध्ये आतली बाजू खाली करून अर्धा मिनिट शेका. शेकलेली बाजू ओलावा लवकर पित नाही, पाव लिबलिबीत होत नाही. पावात घालायचं ऑम्लेट दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजवलेलं हवं.

डब्यात न्यायचं असेल तर जाळीवर किंवा पोळीवर काढून पाच-सात मिनिटं वाफ जाऊ द्या. गरम भरलं तर झाकणाला पाणी धरतं, तेच खाली टपकतं. मात्र सकाळी साडेसातला भरलेलं ऑम्लेट दुपारी एकपर्यंत बॅगेत ठेवणं धोक्याचं आहे. शिजलेलं अंडं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि ३२ अंशांच्या वर, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, एका तासापेक्षा जास्त नाही. ऑफिसात फ्रिज असेल तर पोचल्यावर लगेच त्यात ठेवा. फ्रिज नसेल तर ऑम्लेट नाश्त्यालाच संपवा आणि डब्यात उसळ न्या.

अंडं न खाणाऱ्यांसाठी

श्रावणात, किंवा घरात काहीजण अंडं खात नसतील तेव्हा बेसनाचं टोमॅटो ऑम्लेट करतात. इथे पाण्याचा हिशोब उलटा आहे: टोमॅटोचा गर काढायचा नाही, तोच पीठ भिजवायला वापरायचा. एक वाटी बेसन, एक चमचा रवा किंवा तांदळाचं पीठ, एक मोठा टोमॅटो बारीक चिरून, एक कांदा, मिरची, कोथिंबीर, पाव चमचा ओवा, हळद, अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ. अर्धी वाटी पाणी घालून कालवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तेवढ्यात टोमॅटो-कांदा पाणी सोडतात आणि पीठ आपोआप सैल होतं, म्हणून सुरुवातीला याहून जास्त पाणी ओतू नका. शेवटी भज्याच्या पिठापेक्षा पातळ, धिरड्याएवढं हवं. यातून मध्यम आकाराची तीन-चार होतात.

तवा तापवून, तेल लावून, डावभर पीठ मध्ये घाला आणि डावाच्या पाठीने पातळ पसरवा. कडेने तेल, झाकण, मध्यम-मंद आचेवर तीन मिनिटं. वरचा ओला रंग जाऊन सुकं दिसलं की उलटा आणि झाकण न ठेवता दोन मिनिटं. घाई केली तर बेसनाचा कच्चट वास राहतो आणि तो चटणीनेही झाकला जात नाही. अंड्याचं आणि हे एकाच सकाळी करायचं असेल तर आधी बेसनाची करून घ्या, मग त्याच तव्यावर अंड्याचं. उलट क्रमाने केलं तर तवा आणि उलथनं दोन्ही घासावी लागतात.